शून्याच्या जागेवरची बाई

सोमवार, २२ नोव्हेंबर २००४

आज मी नोकरीवर रुजू झाले. हे वाक्य सकाळपासून मनात घोळत होते. कागदावर उतरल्यावर ते खरे वाटू लागले आहे.

राहण्याची सोय पूर्णा गावातच झाली. कमळाबाईंच्या घराची वरची खोली मला मिळाली आहे. खिडकीतून पूर्वी खाडीपर्यंत भातखाचरे दिसत म्हणे. आता निळ्या पत्र्यांची गोदामे दिसतात आणि त्यांच्यामधून वाट काढणारे ट्रक. कमळाबाईंची स्वतःची जमीनही त्या पत्र्यांखाली गेली. तांदूळ आता दुकानातून आणावा लागतो, हे सांगताना त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. त्यांनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याचे कालवण वाढले आणि माझ्या मनगटाकडे पाहून विचारले, "एवरीशी पोर तू. तू मशीन चालवनार, का मशीन तुला चालवनार गो?" त्यांच्या मुलीने, निशाने, माझी वही उचलून आत प्रेमपत्रे आहेत का, ते पाहिले. नव्हती, म्हणून तिची निराशा झाली. यापुढे ही वही मी पिशवीतच बाळगणार आहे.

गोदाम केसरीनाथशेठ यांचे. तांदूळ, हरभरा, चिंच असा माल तिथे महिनोन्महिने राहतो. किडीपासून तो वाचवण्यासाठी अधूनमधून शनिवारी विषारी धुरीच्या गोळ्या ठेवतात आणि गोदाम चारी बाजूंनी बंद करून टाकतात. त्याआधी सर्व मजूर बाहेर आले आहेत याची खात्री करावी लागते. आजवर मुकादम तोंडी मोजत असे. शेठचे चिरंजीव प्रितेशशेठ यांना हे काम संगणकावर आणायचे आहे. प्रत्येक मजुराला कार्ड, शटरशेजारच्या छोट्या दारावर कार्ड वाचणारे यंत्र, आणि आत किती माणसे उरली हे सांगणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांची यादी. ती मी लिहायची.

मुलाखतीत त्यांनी माझी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. गणितात पहिली, पण मराठी माध्यम. "मग एरर आला की 'चूक झाली हो' म्हणून रडत बसनार का, मॅडम?" असे ते म्हणाले आणि खोलीतले सगळे हसले. मी खाली पाहिले. उत्तर मला संध्याकाळी सुचले, नेहमीप्रमाणे.

तरीही आज मी आनंदात आहे. आमच्या ठाकरवाडीतून संगणकासमोर बसणारी मी पहिली.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

संगणकावर पर्ल नावाची भाषा आहे. ती फुकट मिळाली, एवढेच तिच्या निवडीचे कारण. सोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे आणि त्याच्या पानोपानी 'अर्थातच' हा शब्द आहे. ज्याला आधीच कळले आहे त्याच्यासाठीच हे लिहिले असावे. मला ज्या ठिकाणी प्रश्न पडतो, नेमक्या त्याच ठिकाणी लेखक 'हे उघड आहे' म्हणून पुढे जातो. वाडीवरच्या शाळेत गुरुजींना एखादा प्रश्न आवडला नाही की ते खिडकीबाहेर पाहत. हा लेखक तेच करतो.

म्हणून प्रश्न मी इथेच मांडते. एखाद्या राशीचे, म्हणजे यंत्रात किंमत साठवण्याच्या जागेचे, नाव मी चुकीचे टंकले, तर यंत्र तक्रार का करत नाही? ते निमूटपणे त्या चुकीच्या नावाची नवी, रिकामी राशी तयार करते आणि पुढे चालू लागते. म्हणजे आपण नुसते नाव घेतले की कोणीतरी अस्तित्वात येते. हे टाळायचे असेल तर सर्वांत वर शिस्तीची एक ओळ लिहावी लागते. ती लिहिल्यावर यंत्र अनोळखी नाव दिसताच थांबते. मला ही ओळ फार आवडली. ती लिहिल्याशिवाय मी एकही स्क्रिप्ट लिहिणार नाही.

दुसरे असे की, दोन नावे समान आहेत का हे विचारण्याचे चिन्ह वेगळे आणि दोन संख्यांचे वेगळे. संख्यांचे चिन्ह नावांना लावले, तर यंत्र प्रत्येक नावाचे मोल शून्य धरते आणि सगळी माणसे समान ठरतात. मी सखी नावाच्या एका मजूर बाईचे नाव आणि धाकट्या शेठचे नाव शेजारी ठेवून पाहिले. यंत्राने दोघे समान असल्याचा निर्वाळा दिला. मला एकटीलाच हसू आले. ते मागे उभे होते. त्यांना हसू आले नाही.

माणसांची जी ओळ यंत्राच्या स्मरणात राहते तिला मी 'रांग' म्हणते. आत येणारा रांगेच्या शेवटी उभा राहतो, बाहेर जाणाऱ्याचे नाव रांगेतून काढले जाते आणि मागचे पुढे सरकतात. इतके सोपे आहे. हे इतक्या सोप्या शब्दांत सांगायला त्या लेखकाचे काय जात होते?

सोमवार, २९ नोव्हेंबर

आज दिवसभर दारापाशी बसून कामाची रीत पाहिली. स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी काम पाहावे, असे मला वाटते. धाकट्या शेठना हे वेळ घालवणे वाटते.

मुकादमाचे नाव नवशा. तो आमच्याच बाजूचा, पण आता दंडावर सोन्याचा ताईत आहे. ट्रकमधून पोती उतरताना तो मोठ्याने मोजतो. आमच्या खळ्यावरही पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. नवशाही 'लाभ' म्हणतो, पण त्याच्या लाभानंतर 'एक' येतो. पहिले पोते हिशेबातून सुटते आणि ते शेठच्या घरचे समजले जाते. ट्रकवाल्यांना हे ठाऊक आहे. कोणी बोलत नाही. मी विचारले तेव्हा नवशाने मला समजावले, "लाभ मोजायचा नसतो, बाय. मोजला का जातो."

मग संध्याकाळी पाहिले की माणसेही तो तशीच मोजतो. सकाळी सर्वांत आधी झाडणारी बाई आत जाते, तीही अनवाणी, कारण शेठच्या मते झाडू फिरण्याआधी चपलेने आत जाणे अशुभ. ती बाई म्हणजे लाभ. तिच्यामागून हमाल येतात, आणि पहिला हमाल म्हणजे एक. ती मोजणीतच नाही. बाहेर पडताना ती आली काय, न आली काय, हिशेब जुळतो.

सध्याची झाडणारी बाई म्हणजे सखी. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. माझे एक वाक्य ऐकून तिने मान तिरकी केली आणि म्हणाली, "तू आमच्याकडचीच ना गं? एवढं पुस्तकासारखं बोलतेस तरी कळतंय." मी आमच्या बोलीत उत्तर दिले. इथे आल्यापासून पहिल्यांदाच माझा आवाज मला माझा वाटला.

तिला मी सांगितले की यंत्र सगळ्यांना मोजील, लाभालासुद्धा. ती म्हणाली, "बरं होईल. आधीच्या वेळी असतं तर आणखी बरं झालं असतं." आधीच्या वेळी म्हणजे काय, हे मी विचारणार, तोच नवशाने तिला हाक मारली.

शुक्रवार, ३ डिसेंबर

स्क्रिप्ट दारावर बसली. पडद्यावर मराठीत 'आत' आणि त्यापुढे अंक. शून्य झाले की 'गोदाम रिकामे' अशी पट्टी येते आणि मगच शटर ओढायचे.

एक शंका राहिली आहे. रांग पूर्ण रिकामी असताना पडद्यावर शून्याऐवजी उणे एक येत होता. उणे माणूस कसा असेल? धाकटे शेठ मागे उभे होते, घड्याळ दाखवत होते. म्हणून मी एक ओळ घातली: उत्तर शून्याहून कमी आले तर शून्यच दाखव. त्यानंतर सगळे नीट चालले. केसरीनाथशेठनी पेढे वाटले आणि माझा पेढा, मला हात लागू नये अशा रीतीने, वरून टाकला. मी तो खाल्ला नाही.

सोमवार, ६ डिसेंबर

मला स्वतःचाच इतका संताप आला आहे की अक्षर नीट येत नाही.

आज कामाची वेळ संपली, 'गोदाम रिकामे' अशी पट्टी आली, शटर ओढले, कुलूप लागले. मजुरांचा टेम्पो निघायच्या तयारीत होता. सखी टेम्पोत नव्हती. मी नवशाला विचारले. तो म्हणाला, गेली असेल चालत. पण तिच्या चपला दारापाशी होत्या.

मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. मी धाकट्या शेठसमोर जाऊन नुसती उभी राहिले, ते कंटाळून किल्ली देईपर्यंत. छोटे दार उघडले. सखी पोत्यांच्या मागच्या थप्पीच्या सावलीत भिंतीला टेकून बसली होती. तिने हाक मारली नव्हती, पत्रा बडवला नव्हता. ती घाबरलेलीही नव्हती. मला म्हणाली, "आज ती अगदी जवळ आली होती." कोण, ते सांगितले नाही.

आज धुरी नव्हती. धुरी असती तर?

खोलीवर येऊन पुस्तक उघडले. चूक सापडायला वेळ लागला नाही. या भाषेत रांगेतली पहिली जागा एक नसते, शून्य असते. आणि मी जे चिन्ह 'रांगेत किती माणसे' म्हणून वापरले, ते प्रत्यक्षात 'शेवटच्या माणसाची जागा कोणती' एवढेच सांगते. आत एकच माणूस असेल, तर त्याची जागा शून्य. म्हणून यंत्राने शून्य सांगितले. रांग खरोखर रिकामी असेल तेव्हा उणे एक येतो. तो येत होता. यंत्र मला ओरडून सांगत होते आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

जी सर्वांत आधी आत जाते तिची जागा शून्य. नवशाचा लाभ आणि माझे शून्य, दोन्ही एकच. मी इतकी पुस्तके वाचून त्या माणसाचीच चूक अधिक सुबक करून लिहिली.

पुस्तकात याविषयी एकच वाक्य आहे. त्याची सुरुवात 'अर्थातच' अशी आहे.

गुरुवार, ९ डिसेंबर

मंगळवारी दुरुस्ती केली. आता यंत्र शून्याच्या जागेपासून मोजते. दोन दिवस सगळे बरोबर आले.

आज सर्वजण बाहेर पडल्यावर पडद्यावर 'आत: १'. सखी माझ्याजवळ उभी होती. हमाल टेम्पोत बसले होते. नवशाने आत जाऊन थप्प्यांमागे पाहिले आणि तो फार लवकर बाहेर आला. कोणी नाही म्हणाला. रुमालाने मान पुसत होता.

मी स्क्रिप्ट बंद करून पुन्हा सुरू केली. कोणाचेही कार्ड लागण्यापूर्वीच: आत: १.

जुनी किंमत पुसायची राहिली असेल, म्हणून सगळ्या राशी आधी रित्या केल्या. फरक पडला नाही. मग शून्याच्या जागी काय आहे तेच छापून पाहिले. तिथे नाव नव्हते. पण पर्लमध्ये 'काहीच नसणे' वेगळे आणि 'रिकामे असणे' वेगळे. नवशिके इथे हमखास फसतात, असे ते पुस्तकही मान्य करते. मी यंत्राला विचारले, या जागी कोणी नाही का? उत्तर आले, आहे. मग नाव काय? रिकामे.

म्हणजे जागा मोकळी नाही. तिथे कोणीतरी आहे, ज्याला कोणी नाव दिले नाही.

हे लिहून झाल्यावर वाचले. हे वाक्य संगणकशास्त्राचे आहे. त्याची भीती वाटण्याचे कारण नाही.

सोमवार, १३ डिसेंबर

सखीने आज सांगितले. जेवणाच्या सुट्टीत, बाभळीखाली, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून.

तिच्या आधी गोदाम झाडायला तिची थोरली बहीण चंद्रा होती. दोन वर्षांपूर्वी, होळीच्या आधीच्या एका शनिवारी धुरी होती. नवशाने माणसे मोजली, हिशेब जुळला, शटर ओढले. चंद्रा घरी आली नाही. सखी दुसऱ्या दिवशी विचारायला आली, तेव्हा केसरीनाथशेठ म्हणाले, ती यंत्रमागावरच्या कोणा लूमवाल्याचा हात धरून पळाली. गोदाम उघडले तेव्हा कोणा बाहेरच्याला जवळ येऊ दिले नाही. चंद्राच्या चपला मात्र शटरबाहेर होत्या. सखी म्हणाली, "पळून जाणारी बाई अनवाणी जाते का गं?" नवशाने तिच्यादेखत त्या चपला उचलून नाल्यात टाकल्या.

नवशा त्या दोघींचा सख्खा मामा आहे.

मी विचारले की मग ती इथे कामाला का आली. ती म्हणाली, आत गेल्यावर झाडूचे दोन आवाज येतात, एक माझा आणि एक तिचा. मी थांबले तरी दुसरा थांबत नाही. तिला एकटीला कशी टाकू?

दुपारी मी आत गेले. सखी बाहेर पाणी भरत होती, आत कोणी नव्हते, पत्र्यातल्या पारदर्शक तुकड्यांतून लख्ख ऊन पडले होते. मागच्या थप्पीपलीकडून झाडूचा आवाज येत होता. सावकाश, नीटनेटका, कामात मुरलेल्या बाईचा. मी वळसा घालून गेले. जमिनीवरच्या धुळीत झाडूचे ताजे फराटे उमटत होते. माझ्या डोळ्यांसमोर, एकामागून एक.

मी पळाले. हे लिहिण्याची मला लाज वाटत नाही. लाज त्यांना वाटायला हवी, जे दोन वर्षे या फराट्यांवरून चालत पोती उचलत आहेत.

बुधवार, १५ डिसेंबर

गुरुवारपासून रोज संध्याकाळी 'आत: १' आल्यामुळे शटर वेळेवर लागले नाही. आज मला बोलावणे आले.

मी रात्रीच वाक्ये तयार करून पाठ केली होती. केसरीनाथशेठसमोर त्यांतले एकच बाहेर पडले: आत कोणीतरी आहे. शेठ रागावले नाहीत. त्यांनी पान लावले आणि अगदी मायेने म्हणाले, "बाय, ते शून्य हाय. शून्याला कोन इचारतो?" मग मी चंद्राचे नाव घेतले. नवशा दाराकडे पाहू लागला.

प्रितेशने (यापुढे मी त्याला शेठ लिहिणार नाही) खुर्ची फिरवली आणि मला विचारले, "टॉपर ना तू? वजाबाकी येते ना? येनाऱ्या उत्तरातून एक वजा कर. खलास."

मी सांगितले की तसे केले तर ज्या दिवशी जिवंत माणूस आत राहील, त्या दिवशीही यंत्र खोटे बोलू शकेल. चूक जिथे आहे तिथे दुरुस्त करायची असते. उत्तरातून वजा करायची नसते. हे मी अडखळत सांगितले, पण सांगितले. तो म्हणाला, शनिवारी धुरी आहे, धुरीवाले ठाण्याहून येणार, त्यांना मी भुताची गोष्ट सांगत बसू का? दारात उभ्या हमालांपैकी कोणीतरी हसले.

मग त्याने स्वतःच बसून 'उणे एक' टंकले. यंत्राने शिस्तीच्या ओळीमुळे त्याची दुसरी कसलीशी चूक दाखवली. त्याने ती शिस्तीची ओळच पुसून टाकली.

मी एका अक्षरानेही विरोध केला नाही. घरी येईपर्यंत मी मुठी आवळून होते. तळहातावर नखांच्या खुणा आहेत.

शुक्रवार, १७ डिसेंबर

कमळाबाईंना विचारले. त्या चुलीतली राख पुढे ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगल्यांना ठाव हाय, पोरी. तू शिकलेली, तू गप रा."

शिकलेली म्हणून गप्प राहायचे. मग शिकले कशाला?

सखीला सांगितले की उद्या येऊ नकोस. ती म्हणाली, उद्या धुरी आहे. उद्याच तर ती रडते.

शनिवार, १८ डिसेंबर. दुपार

गोळ्या ठेवणारे आले आहेत. तोंडाला फडकी. पुढच्या थप्प्यांपासून सुरुवात केली. हमाल बाहेर आले. पडद्यावर: आत: १. वजा केल्यानंतरही एक —

सखी आत आहे. मी प्रितेशला तसे सांगितले. नाव घेऊन सांगितले. तो म्हणाला, तुझे यंत्र आणखी बिघडले. आणि एकाचे दोन केले. उणे दोन. माझ्यासमोर. इतके सहज, जसा कोणी डास मारतो —

नवशाला सांगितले. तुझी भाची आहे. त्याने शटरच्या फटी बुजवायच्या चिकटपट्टीची गुंडाळी हातात फिरवली आणि दुसरीकडे पाहिले.

मी जाते आत.

तीच दुपार

मला हे लिहून ठेवलेच पाहिजे, क्रमाने.

शटर अर्धे खाली ओढलेले होते, छोटे दार उघडे होते. मला कार्ड नाही. कार्यालयातल्या माणसांना कार्ड नसते. मी धावत मागच्या थप्पीपर्यंत गेले. सखी फराट्यांशेजारी बसली होती. उठेना. तिला एकटी टाकणार नाही म्हणाली. मी म्हणाले, मी थांबते तिच्याजवळ. तू जा. बाहेर जाऊन ओरड की प्राजक्ताबाई आत आहेत. मी कार्यालयातली आहे. मी आत असताना ते बंद करणार नाहीत. त्यांना पूर्ण शटर उघडावे लागेल, सगळ्यांसमोर आत यावे लागेल, हे फराटे पाहावे लागतील.

मला खरोखर तसे वाटले. की माझी गणना होते.

सखी गेली. तिच्या कार्डाचा आवाज ऐकला. मग तिची हाक ऐकली, माझे नाव, दोनदा — मग नवशाचा आवाज, "येडी झाली ही, घाला टेम्पोत" — टेम्पोचा आवाज — तिची हाक लांब गेली —

मोजणीत आता चंद्रा एकटी, मला कार्डच नाही. एकातून दोन गेले, उणे एक. आणि शून्याहून कमी आले तर शून्यच दाखव. ती ओळ माझी आहे. माझ्या हातची —

शटर खाली आले. छोट्या दाराला बाहेरून कुलूप लागले.

ऊन अजून आहे. वरून पडते आहे. कागद दिसतो. गोळ्यांचा, लसणासारखा वास येतो आहे, पुढच्या बाजूने. ओढणी ओली करायला पाणी नाही. मी मागच्या भिंतीशी, जमिनीजवळ — की उंचावर जावे? हे कोणत्याच पुस्तकात —

झाडू थांबला.

ती भिंतीपाशी उभी आहे. दिसत नाही, पण तिथली धूळ दोन पावलांच्या आकाराची — अनवाणी —

मला तिची भीती वाटत नाही. हे नोंदवून ठेवते. माझी सगळी भीती दाराबाहेर उभी आहे, चिकटपट्टी लावते आहे, पान खाते आहे.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण छातीने. मी जिवंत आहे, दार उघडा, प्रितेश, नवशा, नावे घेऊन. माझ्या आवाजाशेजारी दुसरा आवाज उठला. तेच शब्द. दार उघडा, मामा —

बाहेर पट्टी फाडण्याचा आवाज थांबला. त्यांनी ऐकले! ऐकले त्यांनी. धुरीवाल्यांपैकी एकजण विचारतो आहे, आत कोन बाई हाय का —

घसा गेला. बडवते आहे. पत्रा बडवते आणि लिहिते —

नवशा बोलतो आहे. पत्र्याला कान लावला. अगदी पलीकडेच आहे, श्वास ऐकू येतो. तो म्हणतो, दर धुरीला ओरडते ती, दोन वर्सं झाली, तुमी नवीन हाव, घाबरू नका, आमाला सवय हाय, लावा पट्टी —

नाही, ही मी आहे, मी, प्राजक्ता, मी अजून —